निरोगी डोळ्यात परके भिंग

१९५३ साली रोममध्ये बेनेदेत्तो स्ट्राम्पेल्ली या नेत्रशल्यविशारदांनी एक धाडस केले. डोळ्यात मोतीबिंदू नाही, नैसर्गिक भिंग स्वच्छ आहे, फक्त चष्म्याचा नंबर फार मोठा आहे, अशा डोळ्यात त्यांनी प्लास्टिकचे आणखी एक भिंग बसवले. डोळ्यातले काही काढले नाही. होते त्यात भर घातली. लांबचे धूसर दिसणाऱ्या माणसाला चष्म्याविना स्वच्छ दिसू लागले. युरोपातल्या इतर शल्यविशारदांनीही ही वाट धरली आणि त्या दशकात अशी शेकडो भिंगे डोळ्यांत गेली. मग एकेक डोळा लाल होऊ लागला. बाहुलीसमोरचा पारदर्शक पडदा सुजून दुधाळ झाला, कुणाच्या डोळ्याचा दाब वाढला, कुणाची बाहुली वेडीवाकडी झाली. बसवलेली भिंगे काढण्याची वेळ आली, आणि ती काढताना डोळ्याला दुसरी इजा झाली.

या शस्त्रक्रियेचा इतिहास भिंगांच्या नव्या नव्या नमुन्यांचा इतिहास म्हणून सांगण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो दाहाचा इतिहास आहे. डोळा का चिडला, हे शोधत शोधतच ही विद्या पुढे गेली. आणि तो शोध वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते: भिंग ज्या प्लास्टिकचे असते ते प्लास्टिक सहसा गुन्हेगार नसते. भिंगाबरोबर डोळ्यात काय गेले, भिंग कुठे टेकले आणि कशाला घासले, यावर सगळे ठरते.

घुग्घुसच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. कोळसा खाणी आणि सिमेंटच्या या गावात, तसेच चंद्रपूर, वणी, वरोरा या पट्ट्यात मायनस आठ, मायनस बारा नंबरचा चष्मा लावणारी मुले-मुली आहेतच. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत नंबर आडवा येतो, लग्न जुळवताना जाड काचा आडव्या येतात. नंबर फार मोठा किंवा कॉर्निया, म्हणजे बाहुलीसमोरचा पारदर्शक पडदा, पातळ असला की लेझरचा रस्ता बंद होतो आणि डॉक्टर आयसीएलचे, म्हणजे नैसर्गिक भिंग न काढता डोळ्यात बसवायच्या जादा भिंगाचे, नाव सुचवतात. बारीक छेदातून, थोड्या मिनिटांत होणारे हे काम. पण त्यामागे सत्तर वर्षांचा हिशेब आहे, आणि तो ज्याच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया व्हायची त्याला ठाऊक असावा.

मोठ्या नंबरचा डोळा लांब असतो. साधारण डोळा पुढून मागे चोवीस मिलिमीटरच्या आसपास भरतो. लांबी एक मिलिमीटरने वाढली की नंबर अडीच-तीनने वाढतो. प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते. उणे सहाच्या पुढचा नंबर तीव्र मानतात. अशा डोळ्याचा मागचा पडदा ताणलेला आणि पातळ असतो, म्हणून त्याला मुळातच जपावे लागते.

स्ट्राम्पेल्लींच्या साठ वर्षे आधी उलटा मार्ग चोखाळला गेला होता. ऑस्ट्रियातल्या फुकाला यांनी १८९० च्या सुमारास तीव्र नंबरच्या रुग्णांचे निरोगी भिंगच काढून टाकले. गणित बरोबर होते. डोळ्यातले बहिर्वक्र भिंग गेले की लांब डोळ्याचा नंबर पुष्कळ उतरतो. युरोपात त्याची लाटच आली. पण मागचे पडदे सुटू लागले, डोळ्यांत जंतू शिरू लागले, आणि थोड्याच वर्षांत ती शस्त्रक्रिया बदनाम झाली. तिच्यातून एक प्रश्न उरला, आणि तो आजही प्रत्येक आयसीएलच्या टेबलावर हजर असतो: जो डोळा चष्म्याने पाहू शकतो, त्याला सुरी लावताना किती धोका पत्करायचा? मोतीबिंदूचा रुग्ण आंधळा होत चाललेला असतो. मोठ्या नंबरचा रुग्ण तसा नसतो. त्याच्या डोळ्यात दाह झाला तर त्याने चालती दृष्टी गमावलेली असते. या फरकाचे ओझे शल्यविशारदाने वाहायलाच हवे.

डोळ्यात प्लास्टिक टिकते हे कळले ते दुसऱ्या महायुद्धात. वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या आच्छादनाचे पर्स्पेक्सचे तुकडे घुसले आणि डोळ्याने ते मुकाट्याने सहन केले, हे लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी पाहिले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी मोतीबिंदू काढलेल्या एका बाईच्या डोळ्यात त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग ठेवले. त्या कहाणीचा हा भाग सगळे सांगतात. न सांगितला जाणारा भाग माझ्या विषयाचा आहे. रिडलींच्या सुरुवातीच्या रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेनंतर तीव्र दाह झाला. वैमानिकांच्या डोळ्यांतले तुकडे निवांत होते, मग कारखान्यातून आलेले स्वच्छ भिंग डोळ्याला का सोसेना? भिंग निर्जंतुक करण्यासाठी ते सेट्रिमाइडच्या द्रावणात बुडवले जाई. हे जखमा धुण्याचे औषध. त्याचा अंश भिंगावर राहून डोळ्यात जात असे, आणि डोळ्याच्या आतल्या नाजूक पेशींना तो विषासारखा होता. जंतू मारायला जे वापरले, तेच डोळ्याला चावले.

पुढे त्याच आडनावाच्या पण नात्याने वेगळ्या असलेल्या फ्रेडरिक रिडली यांनी कॉस्टिक सोड्याने भिंग निर्जंतुक करण्याची पद्धत आणली. भिंग सोड्यात ठेवायचे आणि वापरण्याआधी दुसऱ्या द्रावणाने तो सोडा शमवायचा. ही पद्धत वर्षानुवर्षे चालली. मग १९७५ च्या सुमारास अमेरिकेत काही रुग्णांच्या डोळ्यांत बुरशी वाढली. सोडा शमवण्यासाठी जे सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण वापरत, तेच दूषित निघाले होते. भिंग पुन्हा निर्दोष होते. त्यानंतर वायूने निर्जंतुक करून, बंद पाकिटात भिंग देण्याकडे उद्योग वळला.

आता पुन्हा रोमकडे. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात मागे जागा असते. रिडलींनी तिथे भिंग ठेवले. नैसर्गिक भिंग जागेवर असताना दुसरे कुठे ठेवणार? स्ट्राम्पेल्लींनी ते बुबुळाच्या पुढच्या कप्प्यात ठेवले. कॉर्नियाची आतली बाजू आणि बुबुळ यांच्यामधली ही जागा मध्यभागी जेमतेम तीन मिलिमीटर खोल असते, कडेला ती निमुळती होऊन कोन बनवते. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो कॉर्नियातले पाणी सतत बाहेर उपसत असतो, म्हणून कॉर्निया काचेसारखा राहतो. या पेशी गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. स्ट्राम्पेल्लींचे भिंग ताठ होते, त्याच्या कडा कोनात रुतत, आणि कोनाची रुंदी नेमकी मोजायचे साधन तेव्हा नव्हते. भिंग मोठे झाले तर ते बुबुळात रुतून दाह करी आणि बाहुली लांबट होई. छोटे झाले तर डोळ्यात हलत राही आणि कॉर्नियाच्या पेशी खरवडी. (हेच स्ट्राम्पेल्ली पुढे रुग्णाच्याच दाताचा आधार घेऊन कृत्रिम कॉर्निया बसवण्याच्या शस्त्रक्रियेमुळे ओळखले गेले. धाडस त्यांच्या स्वभावातच होते.)

जर्मनीत दानहाइम यांनी ताठ कडांऐवजी नायलॉनची लवचीक वेटोळी जोडली. रुतण्याचा प्रश्न सुटला असे वाटले. पण डोळ्यातल्या पाण्यात ते नायलॉन हळूहळू झिजले, तुटले. बार्सिलोनाच्या होआकिन बराकेर यांनी याच प्रकारची भिंगे तीव्र नंबरच्या दोनशेहून जास्त डोळ्यांत बसवली आणि १९५९ मध्ये त्यांचा वृत्तांत दिला. पुढच्या वर्षांत त्यातली फार मोठ्या संख्येने भिंगे त्यांना परत काढावी लागली.

बराकेर यांच्याबद्दल मला आदर आहे तो त्यांच्या नोंदींसाठी. यशाचे आकडे छापून ते गप्प बसले नाहीत. कुणाचे भिंग केव्हा काढले, त्यानंतर डोळ्याचे काय झाले, हे त्यांच्याकडे लिहिलेले होते. म्हणून १९८२ मध्ये रॉबर्ट ड्रूज या अमेरिकी डॉक्टरांना बराकेरांच्या भिंगांचा वीस वर्षांनंतरचा हिशेब जगापुढे मांडता आला. अपयशाची अशी वही नसती, तर पुढच्या पिढीने तीच चूक नव्या प्लास्टिकने केली असती. तरीही ती काही प्रमाणात झालीच, हे पुढे येईल.

त्याच काळात इंग्लंडमध्ये पीटर चॉइस पुढच्या कप्प्यातल्या भिंगांचे एकेक नमुने काढत होते. त्यांच्या मार्क आठ या भिंगाच्या पायांच्या कडा काही खेपांमध्ये वाकड्या निघाल्या. १९७८ मध्ये एलिंग्सन यांनी या भिंगामुळे होणारा तिहेरी विकार नोंदवला: बुबुळाचा दाह, वाढलेला दाब आणि डोळ्यात रक्तस्राव, तिन्ही एकत्र. भिंगाच्या खरखरीत कडेने बुबुळ घासायचे, त्यातून रंगद्रव्य आणि रक्त सुटायचे, दाह व्हायचा, कोन तुंबायचा, दाब वाढायचा. कुठल्याही रसायनाविना, निव्वळ घर्षणाने डोळा पेटू शकतो हे त्यातून ठरले.

कोनाला टेकायचेच नाही, असा विचार करणारा माणूस हॉलंडचा होता. ग्रोनिंगेनच्या यान वोर्स्ट यांनी भिंगाच्या दोन बाजूंना फटी ठेवल्या आणि बुबुळाची बारीक घडी त्या फटीत धरवली. खेकड्याच्या नांग्यांसारखे हे भिंग बुबुळालाच लटकते. १९७८ च्या सुमारास आलेल्या या नमुन्याला भारतात मोठे क्षेत्र मिळाले ते अमृतसरच्या डॉ. दलजीत सिंग यांच्यामुळे. त्यांनी हजारो मोतीबिंदू रुग्णांमध्ये बुबुळाला लटकणारी भिंगे बसवली. सिंग-वोर्स्ट भिंग हे नाव जगभरच्या पुस्तकांत आले. १९८७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९८० मध्ये वोर्स्ट यांनी दुहेरी दिसण्याने त्रासलेल्या एका रुग्णाच्या निरोगी भिंगाच्या डोळ्यात असेच, पण अपारदर्शक, भिंग बसवले. डोळ्याने ते सोसले. तेव्हा हॅनोव्हरचे पॉल फेख्नर आणि वोर्स्ट यांनी १९८६ मध्ये तीव्र नंबरच्या डोळ्यात पारदर्शक भिंग लटकवले. १९५० च्या दशकात बंद पडलेले दार तीस वर्षांनी पुन्हा उघडले.

जवळपास त्याच सुमारास फ्रान्समध्ये मार्सेयच्या जॉर्ज बायकॉफ यांनी कोनात टेकणारे भिंग नव्या घडणीने आणले. पहिल्या नमुन्यात कडा कॉर्नियाच्या फार जवळ येत, पेशी झपाट्याने जात. १९९० च्या सुमारास सुधारित नमुना आला, मग १९९७ मध्ये तिसरा. प्रत्येक वेळी कॉर्निया थोडा वाचला आणि बुबुळ थोडे जास्त दुखावले. बाहुली लांबट होण्याचा दोष गेला नाही. कोनात टेकणाऱ्या भिंगांची ही शाखा अखेर वठली. २०१२ मध्ये एका मोठ्या अमेरिकी कंपनीचे असेच मऊ भिंग कॉर्नियाच्या पेशी कमी होतात म्हणून बाजारातून मागे घेतले गेले. स्ट्राम्पेल्लींपासून तिथपर्यंत साठ वर्षे गेली होती, आणि कोन तोच होता.

दाहाबद्दलचा सगळ्यात अस्वस्थ करणारा शोध माद्रिदमध्ये लागला. पेरेझ-सांतोन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लेझरने मोजमाप करून दाखवले की वोर्स्ट-फेख्नर आणि बायकॉफ या दोन्ही भिंगांच्या डोळ्यांत वर्ष-दोन वर्षांनंतरही मंद दाह चालूच होता. डोळा पांढरा, रुग्ण खूश, तपासणीच्या दिव्याखाली काही दिसत नाही. पण डोळ्यातल्या पाण्यात प्रथिने आणि पेशी सुटत होत्या, म्हणजे रक्त आणि डोळ्यातले पाणी यांच्यातला बांध झिरपत होता. रुग्णाला तक्रार नाही याचा अर्थ डोळा शांत आहे असा होत नाही, हे तेव्हापासून मान्य झाले. आज आयसीएल किंवा बुबुळावर लटकणारे भिंग बसवलेल्या माणसाला दरवर्षी तपासणीला बोलावतात, त्यामागे हेच कारण आहे.

आणखी एक जागा उरली होती: बुबुळाच्या मागे, नैसर्गिक भिंगाच्या पुढे. मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९८६ मध्ये तिथे सिलिकॉनचे छोटे भिंग बसवले, त्याचा पुढचा भाग बटणासारखा बाहुलीतून डोकावे. दाह, मोतीबिंदू आणि भिंग सरकणे हे तिन्ही त्रास त्यात झाले. पण जागा बरोबर होती. पुढे त्या कल्पनेतून आयसीएल घडले. १९९३ पासून ते माणसांत बसवले जाऊ लागले, आणि अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २००५ मध्ये त्याला परवानगी दिली. तिथल्या चाचणीत २९४ रुग्णांचे ५२६ डोळे होते. त्याआधी सव्वा वर्ष, सप्टेंबर २००४ मध्ये, वोर्स्ट यांच्या नमुन्याच्या भिंगाला परवानगी मिळाली होती.

आयसीएलचे वेगळेपण त्याच्या पदार्थात आहे. पाणी धरणाऱ्या मऊ प्लास्टिकमध्ये थोडे डुकरापासून मिळवलेले कोलॅजन मिसळून ते बनवतात. त्यामुळे डोळ्यातली प्रथिने भिंगावर पातळ थर धरतात आणि शरीर त्याला परके मानत नाही, असा त्यामागचा विचार. पाणी धरणाऱ्या मऊ भिंगाच्या या वाटेवर मुंबईचेही एक पाऊल आहे, आणि ते मराठी वाचकाला फार कमी सांगितले गेले आहे. डॉ. केकी मेहता यांनी दोन मराठी आडनावांच्या सहकाऱ्यांसह अशाच जातीच्या मऊ प्लास्टिकचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णांत बसवून १९७८ मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत दिला. ताठ पर्स्पेक्सचे राज्य असलेल्या काळात हे काम मुंबईत झाले होते.

जुन्या आयसीएलमध्ये एक अडचण होती. डोळ्यातले पाणी बुबुळामागून पुढे यायला भिंगामुळे वाट राहत नसे, म्हणून शस्त्रक्रियेआधी लेझरने बुबुळाला दोन बारीक भोके पाडत. त्या भोकांतूनच रंगद्रव्य आणि दाह सुटे. जपानच्या किमिया शिमिझू यांनी भिंगाच्याच मध्यभागी ०.३६ मिलिमीटरचे भोक ठेवले आणि बुबुळाला हात लावायची गरज संपली. २०११ पासून युरोपात आणि मग भारतात हे भिंग आले. आता तर वडोदऱ्याची एक कंपनी याच जागेत बसणारे भिंग बनवते.

भिंग सुधारले, जागा ठरली, कोन वाचला. तरीही शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर डोळा धुरकट निघण्याचे प्रसंग येतातच. त्यांचे कारण पुन्हा रिडलींच्या सेट्रिमाइडपाशी जाते.

१९९२ मध्ये अमेरिकेतल्या मॉन्सन, मामालिस आणि ओल्सन यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या एका विशिष्ट दाहाची ओळख पटवून दिली. पुढे त्याला टास हे आद्याक्षरी नाव मिळाले. यात जंतू नसतात, दाह विषारी अंशाने होतो. शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठ्ठेचाळीस तासांत कॉर्निया एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुजतो, पुढच्या कप्प्यात पांढऱ्या पेशींचा थर साचतो, बाहुली पसरलेली किंवा वेडीवाकडी राहते, दाब वाढू शकतो. वेदना बहुधा कमी असतात. स्टेरॉइडचे थेंब लवकर आणि भरपूर दिले तर बहुतेक डोळे निवळतात. उशीर झाला तर कॉर्निया कायमचा जातो आणि कॉर्निया बदलण्याखेरीज उपाय राहत नाही. जंतूंचा संसर्ग याहून वेगळा. तो सहसा काही दिवसांनी येतो, वेदना जास्त असतात, दाह डोळ्याच्या मागच्या भागापर्यंत जातो, आणि तिथे आधी स्टेरॉइड देऊन थांबणे घातक ठरू शकते. पहिल्या चोवीस तासांत या दोहोंतला फरक ओळखणे, हेच डॉक्टरचे खरे कसब.

जंतू नसताना विष कुठून येते? उत्तर ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत आहे, जिथे उपकरणे धुतली जातात. बारीक नळीच्या सुईत मागच्या शस्त्रक्रियेतले जेल सुकून बसते आणि पुढच्या रुग्णाच्या डोळ्यात सुटते. धुण्याच्या साबणाचा अंश राहतो. डोळ्यात टोचायच्या औषधात टिकाऊपणासाठी घातलेले रसायन असते, जे बाहेरून थेंब टाकायला चालते पण आत चालत नाही. आणि सगळ्यात फसवे ते एंडोटॉक्सिन. काही जंतूंच्या आवरणातला हा पदार्थ जंतू मेल्यावरही शिल्लक राहतो. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंश वाफेत जंतू मरतात, एंडोटॉक्सिन मरत नाही. ते नष्ट करायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. म्हणजे धुण्याच्या टाकीतले पाणी शिळे असेल, तर त्यातले जंतू ऑटोक्लेव्हमध्ये मरतील, चाचणीची पट्टी योग्य रंग दाखवेल, कागदावर सगळे निर्जंतुक असेल आणि डोळा मात्र सुजेल.

याचा मोठा पुरावा २००५ मध्ये मिळाला. अमेरिकेच्या सात राज्यांत ११२ रुग्णांना हा दाह झाला, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या शस्त्रक्रियेत एकाच बनावटीचे डोळे धुण्याचे खारे द्रावण वापरले गेले होते. त्यात एंडोटॉक्सिन सापडले. २००६ च्या सुरुवातीला ते बाजारातून मागे घेतले गेले. हे शोधता आले ते वेगवेगळ्या राज्यांतल्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या दोन-चार केसेस दडवून न ठेवता कळवल्या म्हणून. प्रत्येकाने आपल्या रुग्णाला थेंब देऊन, बरे करून, गप्प राहायचे ठरवले असते, तर द्रावण विकले जातच राहिले असते.

आपल्याकडे द्रावणाचा धडा याहून फार क्रूर रीतीने मिळाला होता. एप्रिल १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथे नेत्रशिबिर झाले. १०८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ८८ मोतीबिंदूच्या. ८४ जणांच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. डोळे धुण्यासाठी वापरलेल्या सलाइनमधून संसर्ग झाल्याचे चौकशीत पुढे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ मध्ये निकाल लागला. मोतीबिंदू हा महाराष्ट्रातल्या खेडोपाडी शिबिरांतून काढायचा आजार होता, त्या काळातली ही घटना आहे. १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. शाळेच्या वर्गातले टेबल मागे पडून रुग्णालयातले थिएटर पुढे येण्याला आणि जाड भिंगाच्या चष्म्याऐवजी डोळ्यात लेन्स बसवण्याला त्याने बळ मिळाले. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त लेन्स बनवली नसती, तर हा बदल गरिबांपर्यंत पोचला नसता. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ज्या आजी-आजोबांच्या डोळ्यांत आज लेन्स आहे, त्यांची दृष्टी या दोन गोष्टींची देणगी आहे.

आयसीएल मात्र शिबिराची शस्त्रक्रिया कधीच नव्हती. ती शहरातल्या खाजगी रुग्णालयांची आहे, महाग आहे, आणि रुग्ण विशी-तिशीतला असतो. म्हणून तिच्यातल्या दाहाच्या घटना एकेकट्या राहतात. एका दवाखान्यात एकाच दिवशी पन्नास डोळे बिघडले तर वर्तमानपत्रात येते. एका मुलीचा एक डोळा दोन महिने धुरकट राहिला तर येत नाही. मला ही गोष्ट गंभीर वाटते. मोठ्या नंबरच्या माणसाला हे भिंग खरोखर उपकारक आहे. नव्या आयसीएलमध्ये गंभीर दाह क्वचित होतो, आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक डोळे पूर्ण सावरतात. पण क्वचित होणारी गोष्ट मोजायलाच मोठी यंत्रणा लागते. १९५९ मध्ये बराकेर एकट्याने वही ठेवू शकले. आज हजारो दवाखान्यांत विखुरलेल्या केसेस एका वहीत याव्यात, यासाठी देशाने व्यवस्था केली आहे. डोळ्यातली भिंगे २००५ मध्येच औषध कायद्याखाली आणली गेली, वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद करण्यासाठी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाने २०१५ पासून कार्यक्रम चालवला आहे. त्यात डॉक्टर कळवू शकतात आणि रुग्णही.

घुग्घुसहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. शस्त्रक्रिया करून त्याच संध्याकाळी गाडीत बसून परत येता येते, आणि बरेच जण तसे येतात. टास बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उठतो, हे लक्षात ठेवले तर तसे येऊ नये हे उघड आहे. नातेवाइकांकडे असो की धर्मशाळेत, दोन रात्री रुग्णालयाच्या जवळ काढाव्यात. दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवू नये. डोळा दुखत नाही म्हणून धुरकट दिसणे अंगावर काढू नये. या दाहात वेदना कमीच असतात. गावी परतल्यावर डोळा अचानक लाल झाला, दुखला किंवा अंधुक झाला, तर औषधाच्या दुकानातून थेंब आणून टाकू नयेत. चंद्रपुरातल्या नेत्रतज्ज्ञाला आयसीएल झाल्याचे आधी सांगावे आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना विचारण्यात भीड बाळगण्याचे कारण नाही: माझ्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली किती, कॉर्नियाच्या पेशींची संख्या किती, नळीची उपकरणे एकदाच वापरून टाकता की धुऊन पुन्हा वापरता, मागच्या वर्षात तुमच्याकडे असा दाह किती जणांना झाला. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. भिंगाच्या पाकिटावरचा क्रमांकाचा स्टिकर मागून घ्यावा, तो फाइलमध्ये जपावा आणि कॉर्नियाच्या पेशी दरवर्षी मोजून घ्याव्यात. आणि दाह झालाच, तर बरे झाल्यावर त्याची नोंद झाली का हे डॉक्टरांना विचारावे. झाली नसेल तर स्वतः करावी.